पाठीवरचं बिऱ्हाड, गाडीतलं बिऱ्हाड : आमची वाटचाल

कोलोरॅडोतल्या गनिसन गावात आमचं तंबू आणि मुक्कामाचं सामान भाड्याने देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक एल्कचे शिकारी. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद; पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. या राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत. नाशिकच्या नातेवाइकांना धंदा सांगितला की आधी विचारतात, "शिकार चालते का तिथे?" भारतात 1972च्या कायद्यानंतर शिकारीला वावच उरला नाही, तेव्हा प्रश्न रास्त आहे. इथे परवाना काढून, ठरलेल्या भागात आणि ठरलेल्या दिवसांतच शिकार करता येते, आणि राज्याच्या वन्यजीव खात्याचा बराचसा खर्च याच परवान्यांच्या पैशातून निघतो. मी स्वतः बंदूक धरत नाही. ते काम भागीदाराचं.

भागीदार इथलाच. त्याच्या घरात तीन पिढ्या रस्त्याच्या कडेला जाड कॅनव्हासचा मोठा तंबू ठोकत आल्या. आत लोखंडी शेगडी, खाटा, कंदील, कॉफी. पहाटे गाडी काढायची, रस्ता संपेल तिथून चालायचं आणि अंधार पडला की परत तंबूत. मी सह्याद्रीत सॅक घेऊन वाढलेला. अर्थात सह्याद्रीत तंबू लागतो कुठे? हरिश्चंद्रगडावर गुहा आहेत, पाण्याची टाकी आहेत आणि पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळते. इथे रॉकीजमध्ये ऑक्टोबरात दहा हजार फुटांवर रात्री पाणी गोठतं आणि वाटेत माणूस भेटत नाही. तरी सगळं पाठीवर घेऊन आत जायचं वेड मला लगेच कळलं. 2015 साली दुकान उघडलं तेव्हा अर्धं भांडवल त्याच्या कॅनव्हासच्या तंबूंत गेलं, अर्धं माझ्या हलक्या टिपी तंबूंत. टिपी म्हणजे मधे एक खांब, पातळ नायलॉनचं कापड आणि घडी घालून सॅकमध्ये मावणारी टायटॅनियमची शेगडी. कॅनव्हासचा तंबू खांब-शेगडीसकट शंभर पाउंडांपुढे जातो, टिपी पाच-सहा पाउंडांत बसते.

धंदा चालला तो बाहेरच्या माणसांमुळे. टेक्सास, मिसूरी, विस्कॉन्सिनहून लोक वर्षातून एकदा येतात. आठवड्यासाठी हजारो डॉलरचं सामान कोण विकत घेणार? आणि जवळजवळ प्रत्येकाला वेस्ट एल्कच्या राखीव रानात आत, अगदी आत जायचं असतं. हे रान पावणेदोन लाख एकरांचं आहे. 1964च्या कायद्याने अशा रानात मोटार तर नाहीच, सायकलही चालत नाही. मांस ओढायची दोन चाकी गाडीसुद्धा नाही. पाय किंवा घोडं, एवढंच.

आत जाण्यामागचा तर्क खरा आहे. ओरेगॉनमध्ये स्टार्की नावाचं प्रायोगिक जंगल आहे. आठ फूट उंच कुंपण घालून तिथे 1989पासून एल्कच्या हालचाली नोंदल्या जातात. वाहतूक असलेल्या रस्त्यांपासून एल्क लांब सरकतात, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसलं. गाडीवाल्याने पहाटे चार वाजता दार आपटलं की पलीकडच्या उतारावरचा कळप चालू पडतो. त्याच उतारावर रात्री झोपलेल्या माणसाचं तसं होत नाही. उजाडायच्या आत दोन तास चढायचं नाही, अंधारात दोन तास उतरायचं नाही. सप्टेंबरात माजावर आलेल्या नराची शीळ तंबूत पडल्या पडल्या ऐकू येते. हे सुख गाडीवाल्याला नाही.

पण हा हिशेब प्राणी पडेपर्यंतचा झाला. मोठ्या नराची हाडं काढली तरी दोनशे पाउंड, म्हणजे नव्वदेक किलो मांस उरतं. एका माणसाच्या पाठीवर त्याच्या चार खेपा. तंबू पाच मैल आत असेल तर चार वेळा भरून बाहेर, तीन वेळा रिकामं आत. पस्तीस मैल झाले. तंबू आणायला आणखी दहा. हे सगळं विरळ हवेत, चढउतारावर, आणि सप्टेंबरातल्या उन्हात मांस खराब व्हायच्या आत. कातडं लगेच उतरवून, मांडीचं हाड मोकळं करून, मांस कापडी पिशव्यांत सावलीत टांगलं तर थोडी सवड मिळते, तेवढीच. खाण्याजोगं मांस रानात सोडून येणं गुन्हा आहे, आणि माझ्या मते तो गुन्हा असायलाच हवा.

म्हणून आमच्याकडे नोंदणीच्या वेळी तंबूचं माप नंतर ठरतं. आधी विचारतो: मांस कोण उचलणार? किती जण आहात, घोडेवाल्याशी बोलणं झालंय का? आम्ही स्वतः कुणाला रानात नेत नाही, सामानही पोचवत नाही. पैसे घेऊन ते करायला राज्याची नोंदणी आणि वनखात्याचा परवाना लागतो. ज्यांच्याकडे तो आहे त्यांचे नंबर देतो. "बघू तिकडे गेल्यावर" म्हणणाऱ्या एकट्या माणसाला पाच मैलांचं सामान देत नाही. दोन मैलांवर थांबा म्हणतो. काही जण रागावून जातात. जाऊ द्यावेत.

गाडीची बाजू मला उशिरा पटली. भागीदार म्हणेल, फारच उशिरा. पाठीवरच्या बिऱ्हाडाने माणूस खोल जातो, पण एकाच दरीत. एवढं ओझं वर चढवल्यावर तिथे एल्क नाहीत हे मन मान्यच करत नाही, आणि सुट्टी त्याच उतारावर संपते. गाडीवाला दुसऱ्या दिवशी चाळीस मैलांवरच्या दरीत असतो. रस्त्याकडेच्या तंबूत ओले कपडे वाळतात, झोप पुरी होते. टिपीत एकेरी कापडावर श्वासाचं दव धरतं आणि पहाटे तोंडावर ठिबकतं, हे जाहिरातीत कुणी दाखवत नाही.

2020 साली दोन्ही बाजूंना फटका बसला. उत्तरेला कॅमेरॉन पीक आणि ईस्ट ट्रबलसम हे वणवे पेटले, तिकडची जंगलं ऐन हंगामात बंद झाली. आमच्याकडे रान उघडं होतं, पण कोरडेपणामुळे आगीवर निर्बंध आले की लाकडाची शेगडी पेटवता येत नाही, आणि शेगडीविना टिपी म्हणजे नुसती चाळणी. तेव्हापासून जाड स्लीपिंग बॅग आणि गॅसचा स्टोव्ह प्रत्येक संचात असतोच. 2024च्या एप्रिलमध्ये आमच्या पश्चिमेला हायवे 50वरचा ब्लू मेसा जलाशयावरचा पूल पोलादात भेगा सापडल्याने बंद झाला. जुलैत अंशतः उघडला, पण तोवर पश्चिमेकडून येणाऱ्या बऱ्याच जणांनी बेत बदलले होते. ते वर्ष आम्ही दुरुस्तीवर काढलं: झिपा, शिवणी, शेगड्यांची धुराडी. शिवणयंत्र माझी बायको चालवते, आणि आता आसपासचे घोडेवालेही त्यांच्या फाटक्या ताडपत्र्या तिच्याकडेच टाकतात.

सध्या सगळ्यात जास्त जातो तो दोघांच्या भांडणातून निघालेला संच. रस्त्यापाशी कॅनव्हासचा तंबू, मांसासाठी बर्फाच्या मोठ्या पेट्या, आणि सोबत दोन रात्रींचं हलकं बिऱ्हाड. आधी गाडीने फिरून ताजे माग, ताज्या लेंड्या शोधायच्या. सापडल्या तरच सॅक भरायची. भागीदाराला या हिवाळ्यात आणखी चार कॅनव्हासचे तंबू घ्यायचेत. मी दोनवर अडलोय. बोलणी चालू आहेत.