1616 चा अर्धा आणा

कुडाळात बसून मी जुनी नाणी ऑनलाइन विकतो. अर्धा दिवस फोटो काढण्यात जातो, उरलेला लोकांची समजूत घालण्यात. त्यात 'जुन्या नाण्याचे लाखो मिळतात' असले व्हिडिओ बघून आलेला माणूस सगळ्यात कठीण. वेंगुर्ल्याकडचे एक काका असेच आले, एसटीतून निवृत्त झालेले. रुमालाची गाठ सोडून त्यांनी एक तांबूस नाणं टेबलावर ठेवलं. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, 1616.

"नऊ लाख गावतत ह्याचे. तू किती देतंस ता सांग."

1616 साली इंग्रजांचा वकील टॉमस रो जहांगीरच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत होता. मुंबई कंपनीला मिळाली 1668 मध्ये आणि साऱ्या मुलखात एकसारखी नाणी सुरू झाली ती 1835 पासून. जहांगीरच्या नाकावर टिच्चून रामाचं नाणं पाडणार कोण? काकांना भिंग दिलं. वापरून झिजलेल्या नाण्याचे उंचवटे आधी गुळगुळीत होतात, खाचा शाबूत राहतात. इथे मारुतीचा चेहरा आणि खोलातली अक्षरं सारखीच बोथट, वर कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. म्हणजे माल ओतीव. कंपनीची तांब्याची नाणी ठशाने पाडलेली असत.

काकांनी मोबाइल पुढे केला. रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र. 'रजिस्ट्रेशन'चे दीड हजार भरून झालेले, आता 'जीएसटी'चे बारा हजार मागत होते. असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही, असं बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय, हे सांगितलं.

"शिक्को आसा मरे त्येच्यार!"

तेवढ्यात नाणं नऊ लाखांना घेतो म्हणून हे पैसे मागणाऱ्या माणसाचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. "बारा हजार नऊ लाखांतून कापून घ्या आणि बाकीचे पाठवा," म्हटलं. पलीकडे जरा शांतता, मग "सर, सिस्टीम में ऐसा नहीं होता." नाण्याचं वजन विचारल्यावर फोनच कटला. काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दीड हजार काही परत आले नाहीत.

रुमालात आणखी एक नाणं होतं, काळं पडलेलं, ते त्यांनी दाखवलंच नव्हतं. 1881 चा पोर्तुगीज रुपया, राजा लुईशचा मुखवटा, चांदीचा. वजन भरलं 11.6 ग्रॅम, बरोब्बर. घासून चकचकीत केला नव्हता हे नशीब. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत. परदेशातून जास्त किमतीची ऑफर आली. पण शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरतं, ते आपल्याला देशाबाहेर धाडता येत नाही. शेवटी गोव्यातल्या एकाने चार हजारांना घेतलं.

काकांनी नोटा दोनदा मोजल्या.

"म्हणजे नऊ लाखातले आठ लाख शहाण्णव हजार तुज्याकडेच रवले म्हण!"