मागावरचा माणूस, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये

कारागिरांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हटलं की बहुतेक वेळा एकच फोटो बघायला मिळतो, म्हातारा माणूस, चेहराभर सुरकुत्या, मागे काळाकुट्ट अंधार, आणि एडिटिंगमध्ये बारीक रेषा ठळक करणारा क्लॅरिटीचा स्लायडर पार शेवटपर्यंत ओढलेला. मला हे अजिबात पटत नाही. त्यात माणूस बिचारा दिसतो आणि त्याचं काम दिसतच नाही, आणि आमच्या सोलापुरात तर कामच बघत बसण्यासारखं आहे.

पूर्व भागात साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या बाजूला गेलात की माग आधी ऐकू येतात मग दिसतात. चादर, टॉवेल सगळं आता यंत्रमागावर. हातमाग मोजकेच उरलेत, त्यावर बसणारे बरेचसे वय झालेले पद्मशाली मामा लोक, घरात तेलुगू आणि आपल्याशी मराठी. फोटो काढू का म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काढ की, विचारलालास काय, पण माग थांबणार नाय बघ."

मला तेच तर पाहिजे असतं! थांबवून पोज द्यायला लावली की खांदे ताठ होतात, नजर कॅमेऱ्यात येते आणि विणकर गायब. अमेरिकन फोटोग्राफर आर्विंग पेनने 1950-51 मध्ये पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या कामगारांना स्टुडिओत बोलावून साध्या पडद्यासमोर अवजारांसकट उभं केलं होतं, फोटो जबरदस्त आहेत, पण हातमागवाल्याला असं कुठं उभं करणार? त्याचे पाय खाली खड्ड्यात लाकडी पट्ट्या दाबतायत, एक हात दोरी ओढून धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकूड, पळवतोय, दुसरा तो धागा घट्ट बसवायला फणी आपटतोय. अख्खा माणूस मागात गुंतलेला. शटर 1/30 सेकंदाच्या आसपास ठेवलं की हात फिरताना पुसट येतात आणि चेहरा स्थिर राहतो, कारण नजर विणलेल्या कडेवरून हलतच नाही.

यंत्रमागावर धोट्याच्या नादी लागू नका. ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटायची वाट बघा. माग बंद होतो, माणूस वाकतो, शेकडो धाग्यांतनं तुटलेलं टोक बरोबर शोधतो, अंगठा आणि तर्जनीत दोन्ही टोकं धरून एक पीळ, गाठ बसली, उरलेलं टोक तोडलं, माग चालू. तेवढ्यात जे काही मिळेल ते. कपाळावर कापसाची भुकटी असते ती पुसायला सांगू नका.

उजेडासाठी फ्लॅश लागत नाही. उन्हाळ्यात दुपारी दार उघडं असतं, ऊन फरशीवर पडून वर उसळतं आणि खालून चेहऱ्यावर मऊ उजेड येतो. फक्त ट्यूबलाइट असेल तर कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक (बिनआवाजाचं) शटर बंद करा नाहीतर फोटोवर पट्टे येतात.

आता रंगाचं, यावर माझं डोकं सगळ्यात जास्त चालतं. चादरीतला लाल आणि हिरवा डोळ्याला किती वेगळे, पण ब्लॅक अँड व्हाइट केलं की कित्येकदा दोन्ही एकाच करड्या रंगात जातात आणि फुलांची सगळी नक्षी सपाट. एका मामांनी प्रिंट हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "डिझाइन कुठाय?" चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही. लाल फिल्टर लावला, किंवा कन्व्हर्ट करताना लाल वाढवला, की लाल उजळतो, हिरवा गडद होतो आणि नक्षी परत येते, पण कातडीही उजळते आणि सुरकुत्या कमी होतात. हिरवा फिल्टर लावला तर बरोबर उलटं, चेहरा एकदम दगडात कोरल्यासारखा, ज्याला लाइक्स पडतात तो. मी लालच्या बाजूने आहे. सुरकुत्या वयामुळे येतात, नक्षी त्या माणसाने काढलीय.

विडी वळणाऱ्या बायकांचं वेगळं, मांडीवर सूप, हात पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून मोकळे आणि नजर शेजारणीकडे, गप्पा चालूच. तिथे चेहरा आणि हात दोन्ही फ्रेममध्ये पाहिजेत, नुसत्या हातांचा क्लोजअप घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आणि प्रिंट द्याच. एक मावशी म्हणाल्या, काळा पांढरा फोटो भिंतीवर लावला तर लोक हार घालतील. म्हणून मी आता दोन प्रिंट देतो, त्यातली एक कलर.