अंकोरवाट सोडून तिथे कशाला गेलात?

कंबोडियातल्या अंकोरवाट मंदिराचे फोटो दाखवून झाले की कुणीतरी विचारतंच, "बाई, एवढ्या लांब फिरायला गेलात आणि तो तुरुंग कसला बघून आलात? रडायला?" मी "टूरमध्येच होतं हो" म्हणून वेळ मारून नेते. ते खोटं आहे. टूरमधली बाकी सगळी मंडळी त्या सकाळी बाजारात गेली होती. आता तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. ती जागा आधी शाळा होती असं मी वाचलं होतं, आणि मी ३२ वर्षं गणित शिकवलेली बाई. शाळा म्हटली की माझे पाय आपोआप वळतात.

कंबोडियाच्या राजधानीत, नोम पेन्हमध्ये, भर वस्तीत आहे हा तुरुंग, तुओल स्लेंग. साध्या इमारती, लांब गॅलऱ्या, मधे पटांगण, पटांगणात चाफा. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेनं शहर ताब्यात घेतलं आणि माणसं खेड्यांकडे हाकलली. शाळा, बाजार, अगदी पैसासुद्धा बंद. पुढे या शाळेचा 'एस-२१' नावाचा तुरुंग झाला. जानेवारी १९७९ मध्ये राजवट पडेपर्यंत इथे १२ हजारांहून जास्त माणसं आणली गेली. जिवंत सुटली ती अगदी मोजकी.

रडू आलं नाही मला. लोखंडी खाटा बघितल्या, बेड्या बघितल्या, डोळे कोरडेच. एका इमारतीत वर्गांमध्येच ओबडधोबड विटांच्या भिंती घालून कोठड्या केल्यात. एका वर्गात किती बसवल्या, ते मी मोजायला लागले. सवय! सातपर्यंत आले आणि स्वतःचीच लाज वाटली. तिथल्या गॅलरीला काटेरी तारांची जाळी आहे. आमच्या शाळेतही गॅलरीला जाळी होती, मुलांचा चेंडू खाली जाऊ नये म्हणून. इथली जाळी कैद्यांनी उडी टाकून जीव देऊ नये म्हणून.

मग फोटो. आणलेल्या प्रत्येकाचा फोटो काढायचे. भिंतीच्या भिंती चेहऱ्यांनी भरलेल्या, कित्येकांच्या छातीवर नंबर. कानापर्यंत केस कापलेली एक मुलगी होती, सातवी-आठवीतली असावी. फळ्यावरचं समजलं नाही की मुलं बघतात ना बाईंकडे, तशी बघत होती. तिच्यापुढून मला हलता येईना.

पण खरा धक्का बसला तो त्यानंतर. या तुरुंगाचा प्रमुख दुच हा आधी गणिताचा शिक्षक होता. छळ करून घेतलेल्या कबुलीजबाबांवर तो समासात शेरे लिहायचा. नोंदी सगळ्या चोख. २०१० मध्ये खास न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं तेव्हा त्याच नोंदी पुरावा म्हणून उभ्या राहिल्या. पुढे अपिलात जन्मठेप झाली आणि २०२० मध्ये तो मेला. हे वाचून मी बाहेर येऊन चाफ्याखाली बसले. ह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, काही विचारलं नाही. बरं केलं.

कारण सांगणार काय? इतकी वर्षं पालकसभेत माझं एक ठरलेलं वाक्य असायचं: "गणित पक्कं झालं की मूल विचारानं सरळ होतं." टाळ्यासुद्धा पडायच्या. हे वाक्य मी कुणाकडून उचललं नव्हतं, माझा खरोखरच त्यावर विश्वास होता.

मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची सून मुलाला घेऊन आली. "बाई, याला गणिताची गोडी लावा, म्हणजे वळणावर येईल," म्हणाली. पूर्वी मी अर्धा तास बोलले असते. "उद्या पाचला पाठव," एवढंच म्हटलं आणि त्याला विचारलं, "खेळायला कोण कोण असतं रे तुझ्याबरोबर?"