खाली झोपला होता जी

पावसाळ्यात आमच्या मेडिसिनच्या आयसीयूत सापाचा एकही पेशंट नाही असा दिवस विरळाच. त्या दिवशी पहाटे आलेला सोळा वर्षांचा मुलगा मात्र सापाचा पेशंट म्हणून आला नव्हता. पोटदुखी आणि उलटी म्हणून त्याला गावातून आणायला निघाले, आणि कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत त्याच्या पापण्या मिटल्या होत्या, थुंकी गिळता येत नव्हती. आमच्या रेसिडेंटनं ओळखलं. काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवलेलं रक्त व्यवस्थित गोठलं होतं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या घोणस-फुरशाचा संशय मागे पडला. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू झालं, श्वास कमी पडायला लागल्यावर व्हेंटिलेटर लागला.

दुपारी शेवटच्या वर्षाच्या मुलांची क्लिनिक होती. मी त्यांना आयसीयूत न नेता सेमिनार रूममध्ये बसवलं आणि फक्त लक्षणं सांगितली. आई बाहेर बाकावर आहे, हवं ते विचारून या, फोनही वापरा, म्हटलं. फोनचं ऐकून पोरं बिचकलीच. एरवी आमचं भांडण फोन खिशात ठेवण्यावरूनच असतं. पण २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून ही मंडळी जिन्यात उभी राहून तेच करतात, मग माझ्यासमोर का नको? अट एकच घातली: पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, फोटो काहीही टाकायचं नाही. तरी एकानं सकाळीच केसपेपरचा फोटो काढून ठेवलेला निघाला. तो तिथंच डिलीट करायला लावला.

दहा मिनिटांत उत्तरं आली. मायस्थेनिया ग्रेव्हिस, मिलर फिशर सिंड्रोम, बोट्युलिझम, सगळे मज्जातंतू-स्नायू लुळे पाडणारे विरळ आजार. प्रत्येकाखाली तपासण्या, अँटिबॉडी, नर्व्ह कंडक्शन, सगळं परीक्षेत लिहावं इतकं नेटकं. सर्पदंश यादीच्या तळाशी होता, ‘दंशाचा इतिहास असल्यास’ अशी पुस्ती जोडून. पोरांनी आईला विचारलं होतं, साप चावला का? नाही म्हणाली. कुठं जखम दिसली? नाही. मग त्यांनी ती ओळ खोडून टाकली आणि मायस्थेनियावर वाद घालायला लागली. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. आणि वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला असलेली पोरं पावसाळ्यात, विदर्भात बसून बोट्युलिझम शोधत होती.

मागच्या बाकावरची एक मुलगी सहसा बोलत नाही. ती एकटीच उठून पुन्हा बाहेर गेली. मी दारात उभी होते.

“मावशी, रात्री कुठं झोपला होता तो?”

“खाली झोपला होता जी. बाजीवर त्याची बहीण होती. उकडे म्हणून दारापाशी.”

“आणि पोट कधी दुखायला लागलं?”

“पहाटी उठला, पोट दुखते म्हणे. मी ओवा देल्ला. मंग डोळेच उघडेनात.”

एवढं टाइप केल्यावर त्याच यंत्रानं मण्यार पहिल्या क्रमांकावर आणला. रात्री घरात शिरणारा साप, जमिनीवर झोपलेला माणूस, दाताची खूण जवळजवळ दिसत नाही, सूज नाही, पहाटे पोटदुखी, मग पापण्या खाली. सगळं बरोबर. पुढे निओस्टिग्मिन देऊन पाहा असंही सुचवलं, तिथे मात्र मी थांबवलं. नागाच्या विषात त्याचा उपयोग होतो, कारण ते विष स्नायूवरच्या रिसेप्टरांना, म्हणजे मज्जातंतूचा निरोप घेणाऱ्या जागांना, अडवतं. मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच नासवतं, तिथे औषधाला फारसं काम उरत नाही. एकदा पडलेला लकवा एएसव्हीनंही चटकन उतरत नाही; ते टोक पुन्हा उभं राहीपर्यंत श्वास आपण पुरवायचा. हे फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा कुठं फोन खाली गेले.

मला यंत्राचा राग नाही. त्याला मण्यार ठाऊक आहे, कारण कुणीतरी असे पेशंट रात्ररात्र पाहिले आणि लिहून ठेवले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर केलेलं काम तसंच, पेशंटच्या उशाशी बसून झालेलं. माझी तक्रार पोरांनी खोडलेल्या त्या ओळीबद्दल होती. आई ‘नाही’ म्हणाली ते खरंच होतं, तिनं साप पाहिला नव्हता. त्या उत्तरावरून ‘दंश झाला नाही’ हा निष्कर्ष पोरांचा, आणि तोच त्यांनी फोनला पुरवला.

हे मी बोलले तर एक आगाऊ पोरगा म्हणाला, “पण मॅडम, आम्ही चुकीचं विचारलं. निदान विचारण्याआधी, मी आईला काय विचारू, असं त्याला विचारलं असतं तर?”

प्रश्न रास्त होता. तिथंच करून पाहिलं. पहिलीच, अर्धवट हिस्ट्री दिली आणि पुढचे प्रश्न मागितले. लांबलचक यादी आली. रात्री जमिनीवर झोपला होता का, हा प्रश्न त्यात होता. कीटकनाशकं, डबाबंद अन्न, कुटुंबातले आजार, लसीकरण यांच्या बराच खाली. पोरगा खूश. मलाही मान्य करावं लागलं की ही रीत क्लिनिकमध्ये शिकवण्यासारखी आहे.

ती यादी घेऊन चौघं पुन्हा बाहेर निघाली, तेव्हा मी अडवलं. ती बाई पहाटेपासून उपाशी बसली होती, आणि प्रत्येक प्रश्नाला तिचा एकच उलटा प्रश्न होता: नळी कधी काढान? त्याचं उत्तर आधी द्या, म्हटलं, आणि यादीतले तीनच प्रश्न निवडा. कुठले तीन, यावर त्यांची अशी जुंपली की क्लिनिकची वेळ संपून गेली. नळी पुढच्या आठवड्यात निघाली.