चहावरची साय

तंबाखूची सुगी आली की निपाणीच्या वाऱ्याला खाट येते. परगावचा माणूस स्टँडवर उतरल्या उतरल्या शिंकतो, इथल्याला ती जाणवतसुद्धा नाही. मी मूळची बेळगावची. इथल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीला लागले, तेव्हा पहिला महिनाभर मीही शिंकत होते. त्याच दिवसांतली ही गोष्ट.

आमचा विभाग पहिल्या मजल्यावर. चौदा पायऱ्या. सकाळी अकराच्या सुमाराला एक आजी सुनेच्या आधारानं वर आल्या आणि दारातच थांबल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले, मानेच्या शिरा ताठ. छातीच्या डॉक्टरांनी सीओपीडीचं, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं, निदान करून श्वासाचे व्यायाम शिकवायला माझ्याकडे पाठवलं होतं. आजींनी चाळीस वर्षं विड्या वळल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि पानं, पाठीला बाक आणि मजुरी हजार विड्यांमागे. असं पोट दुमडून दिवसभर बसलं की छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा पुरता खाली सरकत नाही, श्वास वरच्यावर राहतो. वर जर्द्याची भुकटी आणि चुलीचा धूर.

मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. 94. श्वास मोजले, मिनिटाला 28. निवांत बसलेल्या माणसाचे 12 ते 20 असतात.

"पोरी, घेतोय गं, पर आत जाईना," आजी दोन-दोन शब्द तोडत म्हणाल्या.

आत जात नव्हता, कारण जुना बाहेर पडत नव्हता. या आजारात बारीक श्वासनळ्या सैल पडतात, श्वास सोडताना मिटतात आणि हवा मागं अडकून राहते. भरलेल्या घागरीत वरून पाणी ओतलं तर ते कुठं मावणार? म्हणून आधी सोडायला शिकवायचं. ओठांचा चंबू करून सावकाश हवा सोडली की तोंडाशी थोडा अडसर राहतो, त्या दाबानं नळ्या उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघून जाते.

एवढं सगळं मला येत होतं. चूक झाली ती सांगण्यात. आमच्याकडचा व्यायामाचा कागद कन्नड आणि इंग्रजीत आणि आजींना कुठलंच अक्षर येत नव्हतं. त्यांना ओळखीचं काहीतरी सांगावं म्हणून मी म्हणाले, "आजी, फुंकणीनं चूल फुंकता ना, तसं फुंका."

त्यांनी फुंकलं. विझत आलेली चूल पेटवायची म्हणून गाल फुगवून, सगळा जोर लावून. तिसऱ्या फुंकीला खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून पाणी, हात खुर्चीच्या कडेवर घट्ट. जोर लावला की मिटणाऱ्या नळ्या आणखी मिटतात, हे पुस्तकात वाचलेलं मी त्या क्षणी समोर पाहत होते. आणि ते माझ्यामुळं झालं होतं.

"मॅडम, राहू दे की," सून म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता.

मी काही बोलले नाही. आजींना पुढं टेबलावर कोपर टेकून बसवलं, पाठीवर हात ठेवला. उबळ ओसरली. आमच्या मावशींनी न सांगता चहा आणला. आजींनी कप उचलला, सवयीनं बशीत ओतला, बशी दोन्ही हातांनी तोंडाशी धरली.

चहावर साय धरली होती. आजींनी ओठ पुढं काढले आणि हळूच फुंकर घातली. साय सुरकुतली, सरकत सरकत बशीच्या पलीकडच्या काठाला जाऊन थांबली. चहाचा एक थेंब सांडला नाही. मग नाकानं श्वास, पुन्हा तशीच लांब फुंकर, एक घोट. खांदे खाली आले होते. मी घड्याळाकडे बघत मोजायला लागले. बशी रिकामी झाली तेव्हा श्वास 20 वर आला होता.

"आजी, हेच. मला हेच शिकवायचं होतं."

"हे व्हय? हे तर मी जल्माचं करतोय की!"

नाकानं दोन मोजेपर्यंत घ्यायचा, साय सरकवत चार मोजेपर्यंत सोडायचा. दिवसाला तीन चहा तर ठरलेलेच. प्रत्येक चहाआधी बशी धरून अशा दहा फुंकरा, एवढंच मी सांगितलं. औषध ओढायचा रोजचा पंप, म्हणजे इनहेलर, ट्रंकेत असायचा आणि धाप लागली तरच निघायचा. तो चहाच्या डब्याशेजारी ठेवायला सुनेला सांगितलं. पंप ओढल्यावर दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा आणि मग चूळ भरायची, हेही सकाळच्या चहाआधी. नवी सवय लावायला वेगळी वेळ काढा म्हटलं की ती वेळ कधी निघत नाही, हे मी बऱ्याच पेशंटांकडून शिकले आहे. घरात आधीपासून रोज होणाऱ्या गोष्टीला ती जोडून दिली तर टिकते.

पण खरा अडसर भीतीचा होता. "दम लागला की फुप्फुस झिजतंय," असं कुणीतरी आजींच्या डोक्यात घातलं होतं. म्हणून वर्षभर त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. 1981 साली तंबाखूच्या दरासाठी शरद जोशींच्या आंदोलनात हायवे अडवला गेला, तेव्हा तिथं भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन गेलेली ही बाई. आता गल्लीच्या तोंडाशी जायला भीत होती. मी त्यांचा हात माझ्या हातात घेऊन सांगितलं: चालून लागलेला दम फुप्फुस झिजवत नाही. न चालल्यानं पाय मात्र झिजतात. दुबळ्या पायांना त्याच कामाला जास्त हवा लागते, मग धाप लवकर लागते, मग माणूस आणखी बसतं. झालेलं नुकसान भरून येणार नाही, हेही मी लपवलं नाही. पण पाय परत मिळवता येतात.

ठरलं असं: दारातून विजेच्या पहिल्या खांबापर्यंत. दम आला की थांबायचं, बशी धरल्यासारखे हात, साय सरकवायची, मग पुढं. आठवड्याला एक खांब वाढवायचा. ओठ निळे पडले किंवा बसूनही धाप कमी झाली नाही तर न थांबता डॉक्टरांकडे यायचं.

आठ आठवड्यांनी त्या परत आल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी विडी बांधायच्या दोऱ्याचा गुंडा काढला. तिन्ही वेळच्या फुंकरा आणि चालणं पुरं झालं की त्या दिवसाची एक गाठ. लिहिता येत नव्हतं, मोजता येत होतं. गाठींवरून अंगठा फिरवत त्या एका ठिकाणी थांबल्या. तिथं चार बोटं दोरा कोरा होता.

"चार दिस काय केलं न्हाई. भावाच्या घरात मयत झाल्ती. सगळं वाया गेलं काय गं?"

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागतील तर कुणाला 254, आणि मधला आकडा 66, असा त्यांचा हिशेब निघाला. मधेच एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, हेही त्यात दिसलं. मी ते आजींना माझ्या शब्दांत सांगितलं आणि वर म्हणाले, चार दिवसांनंतर पाचव्या दिवशी तुम्ही गाठ मारलीत, ती मला सगळ्यांत मोठी वाटते. त्या कोऱ्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. मग गुंडा परत पिशवीत गेला.

सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत पहिल्या खेपेला त्या 210 मीटर चालल्या होत्या. या खेपेला 265.

पण मला आकड्यापेक्षा त्या दिवशीचा जिना आठवतो. मी वरून बघत होते. सातव्या पायरीवर आजी थांबल्या. सून घाबरून हात द्यायला पुढं झाली. आजींनी दोन्ही तळवे तोंडासमोर धरले, ओठांचा चंबू केला आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "थांब की जरा. च्या निवायला लागलाय."