आमची वाटचाल : टायपिंगच्या टेबलापासून ‘धाराशिवी’ शेळीपर्यंत

२००६ साली कोर्टाच्या मागच्या गल्लीत दुकान टाकलं तेव्हा माझ्याजवळ मराठी चाळीसचं टायपिंगचं सर्टिफिकेट होतं आणि भावाने दिलेला एक जुना कॉम्प्युटर. इन्व्हर्टर बराच नंतर आला. उन्हाळ्यात लोडशेडिंग इतकं, की दर दोन ओळींनी सेव्ह करायचं बोटांच्या अंगवळणी पडलं. संध्याकाळी शटर ओढण्याआधी दिवसभराचं सगळं काम आधी सीडीवर, पुढे पेन ड्राइव्हवर उतरवून घरी न्यायचे. नवरा हसायचा, म्हणायचा, दुकानच पर्समध्ये घालून आणतेस की.

पहिल्या दहा वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका. जुलै २०१७ला जीएसटी लागला तेव्हा व्यापाऱ्यांच्या बिलांच्या नमुन्यांतून ‘व्हॅट’ काढायचं काम आलं. दीडेकशे फायली होत्या. एकेक उघडायची, कंट्रोल एच दाबायचं, वर जुना शब्द, खाली नवा, रिप्लेस ऑल, सेव्ह, बंद. मनगट दुखलं, पण पैसे रोख मिळाले.

मग नामांतर झालं. जून २०२२च्या शेवटी मंत्रिमंडळाने औरंगाबादला ‘संभाजीनगर’ आणि उस्मानाबादला ‘धाराशिव’ ही नावं मंजूर केली. सरकार बदललं, आणि १६ जुलैला नव्या मंत्रिमंडळाने पहिल्या नावाआधी ‘छत्रपती’ जोडलं. केंद्राची संमती फेब्रुवारी २०२३मध्ये आली आणि त्या सप्टेंबरात जिल्ह्यांची नावंही बदलली. त्यावर कोणाला काय वाटतं ते चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतंच. आमच्या काउंटरवर एकच प्रश्न यायचा : “ताई, सगळीकडं बदलून द्यायला किती घ्याल?”

पहिलं मोठं काम एका शिक्षण संस्थेचं. कारकून पेन ड्राइव्ह घेऊन आले, त्यात सतराशे वर्ड फायली. मी हिशोब मांडला. एका फायलीला दीड मिनिट धरलं तरी साडेबेचाळीस तास. भाचा तेव्हा लातूरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होता, सुट्टीला आलेला. म्हणाला, “मावशी, हे हातानं करायचं काम नाही.” वर्डमध्येच त्याने एक मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिला : फोल्डर दाखवायचा, तो एकेक फाइल उघडणार, बदलणार, सेव्ह करून पुढच्या फायलीवर जाणार. मी पोहे करून आणेपर्यंत सतराशे फायली झाल्या होत्या. चार-पाच उघडून पाहिल्या, ठीक वाटल्या. दुसऱ्या दिवशी काम दिलं, पैसे घेतले, कुंथलगिरीचे पेढे आणले.

तिसऱ्या दिवशी फोन. संस्थेचं एक कृषी विद्यालय आहे, तिथल्या सरांचा. “मॅडम, ही धाराशिवी शेळी कुठली जात काढलीत?”

‘उस्मानाबादी’ हे शेळीच्या जातीचं नाव, ते काही राजपत्राने बदललेलं नाही. पण मॅक्रोला ‘उस्मानाबाद’ दिसलं, त्याने ते बदललं आणि पुढची वेलांटी नव्या नावाला चिकटली. सर हसत होते म्हणून मीही हसले. फोन ठेवला आणि पोटात गोळा आला, कारण त्याच पेन ड्राइव्हवर निर्गम उतारे होते. शाळेच्या जुन्या रजिस्टरवरून जसंच्या तसं टाइप केलेले, जातीच्या दाखल्याला लागतात ते. १९८७ला जन्मलेल्या माणसाच्या उताऱ्यात आता ‘जन्मस्थळ : धाराशिव’ आलं होतं. रजिस्टरात एक आणि उताऱ्यात दुसरं, म्हणजे ती नक्कलच राहिली नाही. पडताळणीत एखाद्या पोराचा प्रवेश अडकला असता, तर दोष आमच्या दुकानाचा.

मूळ फायली पर्समधल्या पेन ड्राइव्हवर होत्या. त्या रात्री दोघांनी बसून उतारे, जुने आदेश, जुन्या सभांची इतिवृत्तं वेगळी काढली आणि बाकीच्यांवर पुन्हा काम केलं. पैसे परत देऊ केले, संस्थेने घेतले नाहीत. पण पुढची दोन कामं त्यांनी दुसरीकडे दिली, ते बरोबरच होतं.

त्या रात्रीपासून भाच्याने एक वही घातली. ‘हात लावू नये’ असं वर लिहिलं आणि पहिली नोंद केली : उस्मानाबादी (शेळी). आज त्या वहीत तीन पानं भरली आहेत. औरंगाबाद, बिहार हा वेगळा जिल्हा आहे. जुन्या निकालपत्रांतला न्यायालयाचा पत्ता तसाच ठेवायचा. पुस्तकाच्या नावातलं गाव बदलायचं नाही.

उलट त्रासही तितकाच. जे बदलायला हवं ते सापडतच नाही. मॅक्रो फक्त मुख्य मजकुरावर फिरायचा. पानावरचं शीर्षक, तळटीप आणि चौकटीतला मजकूर वर्ड वेगळा ठेवतं, त्यामुळे लेटरहेडवर जुनंच नाव. नंतर भाच्याने वर्ड न उघडता थेट फायलीच्या पोटात शिरून पाहिलं. वर्डची डॉक्स फाइल म्हणजे खरं तर झिप, फायलींचं गाठोडं असते, आत एक्सएमएलच्या, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या, फायली. तिथे ‘उस्माना’ एका तुकड्यात आणि ‘बाद’ दुसऱ्या तुकड्यात, कारण कोणीतरी अर्धा शब्द कधीतरी ठळक करून परत साधा केला होता. पानावर शब्द एकसंध दिसतो, शोधणाऱ्याला मात्र तो भेटत नाही. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायलींची तर गतच वेगळी. फॉन्ट काढला की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी, मग मराठी शब्द शोधणार कुठे? त्या फायली आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतात, आणायच्या, मग बाकीचं.

युनिकोडमध्येही मराठी सरळ नाही. ‘दुसऱ्या’मधला तो र दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला सारखाच, आत मात्र निराळा. एक शोधलात तर दुसरा हुकतो. आणि ‘फक्त पूर्ण शब्द’ ही युक्ती आमच्याकडे फसते : भाचा ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो, तिच्या रेजेक्सच्या (मजकुरात नमुना शोधायच्या सोयीच्या) लेखी काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरंच नव्हेत, त्यामुळे ‘उस्मानाबादेत’मध्ये द नंतर शब्द संपला असं ते समजतं. बदललं की ‘धाराशिवेत’. तिकडे ‘औरंगाबादेत’चं ‘छत्रपती संभाजीनगरेत’. इंग्रजीवाल्यांना एक शब्द बदलून भागतं. आम्हाला विभक्तीसकट यादी करावी लागते : आधी ‘-बादेत’, मग ‘-बादकर’, मोठं रूप आधी, उघडा शब्द सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

‘छत्रपती छत्रपती संभाजीनगर’ हा आणखी एक अनुभव. काही फायलींत लोकांनी २०२२च्या जूनमध्येच घाईने ‘संभाजीनगर’ करून ठेवलं होतं, काहींत पूर्ण नाव होतं. सरसकट ‘संभाजीनगर’पुढे ‘छत्रपती’ लावायला सांगितलं, तर जिथे आधीच होतं तिथे दुप्पट झालं. आता नियमच आहे : तोच प्रोग्रॅम त्याच फायलींवर दुसऱ्यांदा चालवायचा, आणि दुसऱ्यांदा एकही बदल व्हायला नको. झाला, तर प्रोग्रॅममध्ये खोट आहे.

सध्या आम्ही पाचजण आहोत. दुकान तेच, वर माडी चढवली. काम घेताना आधी फायलींची प्रत काढतो आणि मूळ फायली गिऱ्हाइकाच्या हवाली करतो. मग कोरडी फेरी : काहीही न बदलता फक्त शोधायचं, आणि एक्सेलमध्ये फायलीचं नाव, सापडलेला शब्द, त्याच्या मागचेपुढचे पाच-पाच शब्द. तो कागद गिऱ्हाइकाने वाचून सही केल्याशिवाय खरी फेरी नाही. भाव फायलीवर नसतो, सापडलेल्या ठिकाणांवर असतो, आणि जिथे बदल करायचा नाही असं ठरतं त्या ठिकाणाचेही पैसे घेतो. “न केलेल्या कामाचे कसले पैसे?” असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी शेळी सांगते.

अहमदनगरचं २०२४मध्ये अहिल्यानगर झालं तेव्हा आष्टीहून एक ट्रान्सपोर्टवाले आले. त्यांची सारी बिलं, बिल्ट्या, दरपत्रकं. आणि बिल्टीवर ‘अहमदनगर’ लिहितो कोण? सगळे ‘नगर’च लिहितात. म्हणाले, “मग ‘नगर’च बदला की.” भाच्याने वाद घातला नाही, कोरडी फेरी काढून पानं त्यांच्यापुढे ठेवली. शिवाजीनगर, गांधीनगर, श्रीनगर, नगरपालिका, नगरसेवक. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि लाल पेन मागितलं. १,१४० ठिकाणांपैकी ६१८वर त्यांनी स्वतः काट मारली. चहा दोनदा झाला.