ऑस्बोर्न-१ दुरुस्ती, नोंद ३ : स्क्रीन उजळली

ऑस्बोर्न-१ म्हणजे १९८१ चा, उचलून नेता येणारा संगणक. त्याच्या पॉवर सप्लायचं काम झालं. मेन्सच्या (भिंतीतल्या विजेच्या) बाजूच्या पारदर्शक कवचाच्या कागदी कपॅसिटरला तडे दिसले, की मोजत बसू नका, सरळ काढा. आत ओल शिरलेली असते. वीज दिल्यावर काही मिनिटांत धूर निघू शकतो. त्या जागी एक्स-२ (मेन्सवर लावायच्या सुरक्षित कपॅसिटरचा दर्जा) दर्जाचाच नवा हवा. सप्लाय लोडशिवाय (पुढे काही न जोडता) चालवून घेतलेल्या मापावर विसंबू नका. ५ व्होल्टच्या लाइनवर ५ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावला आणि मगच मीटर धरला.

नंतर बोर्ड जोडला. ६४ केबी मेमरी म्हणजे ४११६ च्या तब्बल ३२ चिप. त्यांना +५ आणि +१२ सोबत -५ व्होल्टही लागतात. -५ गायब आणि +१२ चालू, अशी वेळ आली तर चिप गेल्याच समजा.

एवढं करूनही स्क्रीन काळीच. दोष पिक्चर ट्यूबचा नव्हता! मशीनच्या समोर, बाहेरचा मॉनिटर जोडायच्या कनेक्टरवर एक छोटा जंपर प्लग असतो. तो नसेल तर आतल्या ट्यूबपर्यंत चित्र पोचतच नाही. जुन्या मशीनमधून हरवतो तो नेमका हाच.

उजळल्यावर दिसतात ५ इंचांवर ५२ अक्षरं. मेमरीत ओळ १२८ अक्षरांची, म्हणून ती डावी-उजवीकडे सरकवत वाचायची. एप्रिल १९८१ मध्ये १,७९५ डॉलरला वर्डस्टार (लेखनासाठी) आणि सुपरकॅल्क (हिशेबाच्या तक्त्यांसाठी) या प्रोग्रॅमसकट मिळणाऱ्या मशीनला हे खपून गेलं. १९८२ मध्ये केप्रो या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याच किमतीत ९ इंच आणि ८० अक्षरं दिली. पुढे ऑस्बोर्नच्याच ‘एक्झिक्युटिव्ह’ या नव्या मॉडेलची घोषणा आधी आणि माल नंतर, त्यामुळे जुन्याची मागणी आटली, हे सगळे सांगतात. सप्टेंबर १९८३ मध्ये ऑस्बोर्न कंपनीचं दिवाळं निघालं. पण घोषणेच्या आधीच ही चिमुकली काच कंपनीला जड झाली होती, असं आमचं मत. (संस्थापक अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचं बालपण तमिळनाडूतलं; २००३ मध्ये निधन कोडाईकनालला.)

राहिला फ्लॉपी ड्राइव्ह. वेग मिनिटाला ३०० फेरे हवा; पट्टा सैल पडला की तो घसरतो. फ्लायव्हीलवरच्या (फिरत्या चाकावरच्या) खुणा ट्यूबलाइटखाली बघायच्या, त्याही ५० हर्ट्झच्या कड्यावर; त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. ६० चं कडं आपल्याकडे फसवतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. चोकवाली जुनी ट्यूबलाइटच घ्या, एलईडीखाली खुणा स्थिर दिसतीलच असं नाही. सिंगल डेन्सिटी डिस्क म्हणजे ४० ट्रॅक, प्रत्येकी २५६ बाइटचे १० सेक्टर. बरेच पीसी कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) अशी डिस्क लिहूच शकत नाहीत, आणि १.२ एमबीची फ्लॉपी इथे चालत नाही.